बाली भिंतीवर किती, ताटात किती

मॉलमधल्या बाली रेस्टॉरंटात नुसती सजावट असते, जेवण कुठल्याही 'एशियन' हॉटेलसारखंच, असं बरेचदा ऐकू येतं, ते मला अर्धं पटलं. आम्ही गेलो तिथे दाराशी दगडी मूर्तीला काळ्या-पांढऱ्या चौकटीचं कापड गुंडाळलं होतं. ते पोलेंग, बालीत देवळांपाशी, झाडांना, रक्षक मूर्तींना नेसवतात, म्हणजे सजवणाऱ्याला माहिती होती. पण मेन्यूत नासी गोरेंग (परतलेला भात) आणि शेंगदाण्याच्या चटणीतलं साते (काडीला टोचून भाजलेलं मांस), जे सगळ्या इंडोनेशियात मिळतं.

खरी परीक्षा साते लिलितची, म्हणजे सातेच्या खास बाली प्रकाराची. त्यात मांसाचे तुकडे काडीला टोचत नाहीत. मासा किंवा चिकन वाटून, खोबरं-मसाला घालून, ते गवती चहाच्या दांड्याभोवती थापतात आणि निखाऱ्यावर भाजतात. आमच्याकडे आलं ते साध्या बांबूच्या काडीवर (तीही पद्धत आहेच, पण तो वास नाही ना!). सांबाल मताह ही कच्ची चटणी मात्र झकास. छोटे कांदे, मिरची, गवती चहा, सगळं कच्चंच बारीक चिरून वर खोबरेल तेल. दुसरी वाटी मागवली. शाकाहारी असाल तर आधी विचारा, त्यात बहुतेकदा आंबवलेल्या कोळंबीची पेस्ट असते.

बेबेक बेतुतू, म्हणजे मसाला भरून पानात गुंडाळलेलं बदक, तासन्‌तास शिजतं. मेन्यूवर असूनही वीस मिनिटांत टेबलावर आलं तर समजून जा. आम्ही विचारलं, तर आदल्या दिवशी सांगावं लागतं म्हणाले. हे उत्तर ऐकून मला उलट बरंच वाटलं.