दात तुटायची वाट कशाला बघायची?

बँडसॉचं (धातू कापायच्या पट्टा-करवतीचं) ब्लेड ‘दात तुटेपर्यंत चालवायचं’ असं कुणीतरी लिहिलंय, ते काही पटलं नाही. दात शाबूत असतानाही ब्लेड संपलेलं असतं. जो पाइप मशीनच्या नुसत्या वजनावर कापला जायचा, तिथे हाताने रेटावं लागलं की समजायचं. काप तिरका जातोय म्हणून मात्र लगेच ब्लेडला दोष देऊ नका, आधी गाइडचे, म्हणजे ब्लेडला सरळ धरून ठेवणारे, बेअरिंग बघा.

आणि एक, हे मी नवं कोरं ब्लेड घालवून शिकलोय: अर्धवट कापात नवं ब्लेड घालू नये. जुन्याच्या दातांची फाक (दात दोन्ही बाजूंना थोडे बाहेर वाकवलेले असतात ती) झिजलेली असते, त्यामुळे त्याने पाडलेली खाच अरुंद. नवं त्यात आवळलं गेलं आणि कडकड करत पाच-सहा दात गेले. जॉब (कापायचा तुकडा) फिरवून दुसऱ्या बाजूने कापायला घ्यायचा.