आमचं कासव अचानक गेलं, दुसरं अजून घरात आहे. काय झालं असेल?

गॅलरीतली_कासवं (नाशिक)

मंडळी, आज पहाटे आमचा मोती गेला. लाल कानाचं कासव, दुकानात रेड इअर्ड स्लायडर म्हणून मिळतं ते. लेक तिसरीत असताना आणला तेव्हा तिच्या तळहातावर मावायचा. आता ती बारावीला बसली आहे आणि मोतीची पाठ वीतभर झाली होती. आज तिचा पेपर आहे, म्हणून तिला अजून सांगितलेलं नाही.

गेल्या पंधरवड्यात त्याने खाणं जवळजवळ सोडलं होतं, पण मरगळलेला मुळीच नव्हता. उलट स्वस्थ बसेना. रात्री टबाचा एकच कोपरा मागच्या पायांनी खरवडत राहायचा. दोनदा टबातून बाहेर पडून चपलांच्या स्टँडखाली जाऊन बसला. परवापासून मात्र एकदम गप्प झाला, मागचे पाय लोंबते दिसू लागले आणि आज सगळं संपलं. डोळे स्वच्छ होते, नाकातून फेस नाही, कवच कडक. दुकानदार म्हणाला होता, हवा बदलली की खाणं कमी होतंच.

खाणं म्हणजे दुकानातले दाणे आणि सुकी कोळंबी, अधूनमधून पालक. टब गॅलरीत आहे, पण गॅलरीला काचेच्या सरकत्या खिडक्या आहेत.

सोबतची राणी त्याच वयाची आहे. तिला काही लागण होईल का? दीर म्हणतात, तिला गोदावरीत सोडून द्या, मोकळी होईल. मोतीला संध्याकाळी सोसायटीच्या बागेत पुरायचं ठरलंय.

पाणवठा_सांगली

ताई, फार वाईट वाटलं. नऊ वर्षं म्हणजे घरचंच माणूस. माझं कासव न्यूमोनियाने गेलं होतं. पाण्यात एका बाजूला कलंडायचं, तोंड उघडून श्वास घ्यायचं. थंडीत पाणी गार पडलं की हे होतं. तुमच्याकडे हीटर आहे का?

गॅलरीतली_कासवं

हीटर आहे, पाणी २६ अंशांच्या आसपास असतं. शेवटपर्यंत सरळ पोहत होता, कलंडला नाही.

पशुवैद्य_सातारा

ताई, आज पुरू नका. आधी मृत्यूची खात्री डॉक्टरांकडून करून घ्या, कारण गारठलेलं कासव कधी कधी मेल्यासारखं दिसतं. तिकडे जायला वेळ लागणार असेल आणि मृत्यूबद्दल शंका नसेल, तर दोन पिशव्यांत गुंडाळून बंद डब्यात घालून फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवा, खाण्याच्या वस्तूंपासून लांब. फ्रीझरमध्ये नको. गोठल्यावर पेशी फाटतात आणि शवविच्छेदनात फारसं काही कळत नाही. हाताळताना हातमोजे घाला, कासवांच्या अंगावर साल्मोनेला (पोट बिघडवणारा जंतू) असू शकतो.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही 'तो' म्हणताय, पण मला ती मादी वाटते. पुढच्या पायांची नखं बघा. नराची लांबलचक असतात, शेपूटही लांब आणि जाड. नर पाठीने एवढा मोठाही सहसा होत नाही. मागच्या पायांनी खरवडणं, टबातून बाहेर पडायची धडपड, भूक जाणं, ही मादी अंडी घालायला जागा शोधते तेव्हाची लक्षणं आहेत. नर सोबत नसला तरी अंडी होतात, कोंबडीसारखीच. माती मिळाली नाही की ती अंडी धरून ठेवते. कॅल्शियम कमी असेल तर अंडनलिकेच्या स्नायूंना जोर राहत नाही. अंडी अडकतात, एखादं आत फुटलं तर पोटात दाह होतो. कासव आजार शेवटपर्यंत लपवतं, म्हणून आपल्याला सगळं दोन दिवसांत घडल्यासारखं वाटतं. न बघता खात्री देणार नाही, पण अंड्यांचं कवच एक्स-रेमध्ये स्पष्ट दिसतं. कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यातही तो काढता येईल.

असं असेल तर राणीला लागण व्हायचा प्रश्न नाही, पण तीही मादी असेल तर तिचाही एक्स-रे आजच काढा. अंडी बाहेर यावीत म्हणून कुणी ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन घरी द्या म्हणालं तर ऐकू नका. अंडं वाटेत अडकलेलं असेल तर अंडनलिका फाटू शकते.

कोथरूडकर_आजी

बाळ, राणीला गोदेत सोडू नकोस. हे कासव मूळचं अमेरिकेतलं. जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परक्या जातींच्या यादीत त्याचं नाव आहे. आपल्या नदीतल्या कासवांचं खाणं आणि उन्हाच्या जागा ते बळकावतं, त्यांच्यात रोग नेऊ शकतं. पाळलेलं कासव नदीत सुखी होतं हा समज फार पसरलाय, मला त्याचा त्रास होतो.

आणि गॅलरीच्या काचेमागचं ऊन उपयोगाचं नाही. काचेतून ऊब येते, पण ड जीवनसत्त्वासाठी लागणारे यूव्हीबी किरण अडतात. त्याशिवाय खाल्लेलं कॅल्शियमही अंगी लागत नाही. काच सरकवून उघडं ऊन दे, सावलीची सोय ठेवून. पोपटांसाठी मिळतो तो समुद्रफेन पाण्यात टाकून ठेव, माझ्या दोघी कुरतडतात.

गॅलरीतली_कासवं

आत्ता दवाखान्यातून आले. मोतीच्या एक्स-रेत अंडी दिसली, आणि डॉक्टरांनी उघडून बघितलं तर एक आत फुटलेलं होतं. लेक पेपर देऊन आली तेव्हा तिला जवळ घेऊन सगळं सांगितलं. खूप रडली, मग म्हणाली, राणीचं काय?

राणीच्या पोटातही अंडी आहेत. सगळी सारख्या आकाराची आहेत आणि ती चांगली चपळ आहे. डॉक्टरांनी कॅल्शियम दिलंय, आधी मातीची जागा करून द्या म्हणाले, नाही घातली तर आठवड्याने पुन्हा एक्स-रे. तिने खाणं सोडलं किंवा जोर लावताना दिसली तर थांबायचं नाही, लगेच आणायचं. घरात कुंड्यांची लाल माती आहे, ती चालेल का? किती घालू?

कोथरूडकर_आजी

चालेल, पण खत मिसळलेली नको. थोडी वाळू मिसळ. ती आत पूर्ण वळू शकेल एवढं मोठं टोपलं घे, माती निदान वीतभर खोल हवी, उथळ असली की ती खणायचं सोडून देते. मुठीत दाबल्यावर गोळा होईल इतकी ओली ठेव, चिखल नको. टोपलं कोपऱ्यात ठेव, वर ऊब देणारा दिवा, आणि तिला आत सोडलं की तिथून निघून जा. कुणी बघत असलं की ती थांबते. लेकीलाही सांग, सारखं वाकून बघायचं नाही.