शेंगोळी मांडवात आणि निबंध सभागृहात: खाद्यइतिहासाचे कार्यक्रम असेच व्हावेत का?

धागाकर्ती, विश्रामबाग, सांगली

गेल्या महिन्यात आमच्या शहरातील एका महाविद्यालयात खाद्यसंस्कृतीवर दिवसभराचे चर्चासत्र झाले आणि त्याच आवारात दुपारी खाद्यमहोत्सव भरला. सकाळी व्यासपीठावर तीन शोधनिबंध वाचले गेले. दुपारी बाहेरच्या मांडवात जत आणि आटपाडी भागातून आलेल्या बचत गटांच्या बायका ज्वारीच्या कण्या, बाजरीची भाकरी, माडगे (हुलग्याच्या पिठाची पेज) आणि हुलग्याची, म्हणजे कुळथाची, शेंगोळी वाढत होत्या. निबंध वाचणारी मंडळी मांडवात आली, जेवली, सगळे उत्तम झाले आहे असे सांगून निघून गेली.

शेंगोळी करणाऱ्या मावशींना मी सहज विचारले, की हुलगा अजून तुमच्याकडे पेरतात का. त्यानंतर अर्धा तास मी ताट हातात धरून उभीच राहिले. मृगाचा पाऊस हुकला की रिकाम्या राहिलेल्या रानात उशिरा हुलगा कसा टाकत, त्यातला बैलांसाठी किती आणि घरासाठी किती ठेवत, जात्यावर तो भरडताना सासू आणि सून समोरासमोर कशा बसत, आणि चक्की गावात आल्यावर माडगे पहाटेऐवजी सणालाच का होऊ लागले, हे सगळे त्यांनी क्रमाने सांगितले. पीक, पाऊस, जनावर, यंत्र आणि बाईचे श्रम यांचा इतका नेमका मेळ सकाळच्या तीन निबंधांपैकी एकातही नव्हता. तरीही त्या दिवसाच्या अहवालात मावशींचा उल्लेख 'पारंपरिक पदार्थांचे स्टॉल' एवढ्या तीन शब्दांत येणार, हे मला ठाऊक होते आणि तसेच झाले.

संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून जाहीर केल्यापासून असे कार्यक्रम पुष्कळ होऊ लागले आहेत, आणि त्यांचा मला आनंदच आहे. परंतु ज्यांना माहिती आहे त्यांनी वाढायचे आणि ज्यांनी वाचले आहे त्यांनी बोलायचे, ही विभागणी मला मान्य नाही. याच जिल्ह्यातल्या कुंडलच्या कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० साली आले, तेव्हा घराघरांतले अंदाज वाटी-चमच्याच्या मापात कागदावर उतरले. गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्या गाणाऱ्या बायकांपुढे बसूनच. म्हणून माझी मागणी अशी, की पुढच्या चर्चासत्रात प्रत्येक निबंधासोबत त्या विषयातली एक स्वयंपाकीण व्यासपीठावर असावी, तिचे बोलणे ध्वनिमुद्रित व्हावे आणि तिला निबंधवाचकाइतकेच मानधन मिळावे. आपल्याला काय वाटते?

इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक, मिरज

ताई, आपल्या तळमळीविषयी आदर राखून मी स्पष्ट विरोध नोंदवतो. स्मृती आणि पुरावा यांत फरक आहे आणि खाद्यमहोत्सव तो फरक पुसून टाकतात. अशाच एका मांडवात मी 'हजार वर्षांची कांदा-लसूण चटणी' असा फलक पाहिला आहे. मिरची मूळची अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात ती आपल्या किनाऱ्यावर उतरली. शेंगदाणा, बटाटा आणि टोमॅटोही त्याच खंडातले. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याच्या सुमारे ११२९ मधल्या 'मानसोल्लास' ग्रंथात अन्नभोगाचे सविस्तर वर्णन आहे, त्यात मांडे आहेत, वडे आहेत, मिरे आहेत, मिरचीचा मात्र मागमूस नाही. आणि आपला हा प्रदेश त्या काळी चालुक्यांच्याच राज्यात होता. डंकावर कुटलेली आपली लालभडक चटणी मलाही प्राणप्रिय आहे, पण तिचे वय वाढवून तिचा मान वाढत नाही.

आजी सांगते ती आठवण फार तर तीन पिढ्या मागे जाते. त्यापलीकडे जायचे तर ताम्रपट, दफ्तरे, हिशेबाच्या वह्या, १८८५ चे सातारा जिल्ह्याचे गॅझेटिअर अशी साधने वाचावी लागतात आणि ते काम शांत सभागृहातच होते. महोत्सव जरूर भरवावा, लोकांनी जेवावे, गटांना चार पैसे मिळावेत. त्याला इतिहास म्हणू नये आणि चर्चासत्रात चूल आणू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

वाचक, माण तालुका, सातारा

सर आणि ताई, आपण दोघेही पदार्थाबद्दल बोलत आहात. माझी हरकत वेगळी आहे. आमच्या माण-खटावच्या बाजूला ज्याला आज 'पौष्टिक पारंपरिक थाळी' म्हणतात, ते आमच्या घरी दुसरे काही नसल्यामुळे खाल्ले जात असे. १९७२ च्या दुष्काळात माझी आई खडी फोडायला जात होती. दुष्काळी कामावर सुकडी, म्हणजे वाटपाचे कोरडे पौष्टिक पीठ, मिळे आणि रेशनवर अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी. त्या मिलोचा स्टॉल मी कोणत्याही महोत्सवात पाहिलेला नाही आणि तो लावावा असेही मला वाटत नाही, परंतु ती वगळून आमच्या भाकरीचा इतिहास सांगितला जातो तेव्हा तो खोटा ठरतो.

दुसरी गोष्ट पंगतीची. १९०१ साली लहानगे भीमराव आंबेडकर घरातल्या इतर मुलांसोबत साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघाले, मसूर स्थानकावर उतरले आणि बैलगाडीने पुढे गेले. त्यांच्याजवळ खाण्याचे पदार्थ भरपूर होते, पण वाटेत कोणी पाणी दिले नाही, म्हणून ती मुले तशीच उपाशी झोपली. डब्यात काय होते याला त्या रात्री काही अर्थ उरला नव्हता. याच साताऱ्यात १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृह काढले, तिथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र स्वयंपाक करून एका पंगतीत जेवत; मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाई पाटलांनी आपले मंगळसूत्र मोडले. साताऱ्याच्या खाद्यइतिहासावर कार्यक्रम करायचा आणि ही पंगत त्यात नाही, असा कार्यक्रम सभागृहात झाला काय आणि मांडवात झाला काय, आम्हांला सारखाच परका आहे.

धागाकर्ती

आपण लिहिलेले दोनदा वाचले. माझ्या मूळ लेखनात भूक आली नाही आणि पंगतही आली नाही, ही उणीव मला मान्य आहे. मावशींनीही बोलता बोलता दुष्काळाचे नाव काढले होते. मी मात्र शेंगोळीच्या कौतुकात पुढे सरकले.

सरांशी मात्र मी सहमत नाही. चटणीच्या फलकावरची चूक दाखवायलाच हवी आणि ती चूक मांडवात, फलक लिहिणाऱ्यांसमोर उभे राहून दाखवायला हवी. सभागृहात दाखवून ती दुरुस्त होत नाही. गॅझेटिअरमधून पिके आणि भाव कळतात, पण खपली गव्हाचे टरफल साध्या मळणीने सुटत नाही, तो कुटावाच लागतो, आणि ते कुटण्याचे काम कोणाच्या अंगावर पडत असे हे त्यात शोधावे लागते. आपल्या हरिपूरच्या पेवांचेच पाहा. जमिनीखालच्या त्या खड्ड्यांत हळद वर्षानुवर्षे कीड न लागता राहत असे. २००५ च्या महापुरात पाणी शिरून बहुतेक पेवे निकामी झाली. पेव कसे लिंपायचे, उघडल्यावर आत माणूस उतरवण्याआधी किती थांबायचे, हे ज्यांच्या हातांना ठाऊक होते ती माणसे आता थकली आहेत. तीन पिढ्यांपुरतीच का होईना, ती आठवण आज नोंदली नाही तर पन्नास वर्षांनी आपले विद्यार्थी कोणते दफ्तर उघडणार?

बचत गटातील सदस्य, तासगाव

ताई, आपण आमच्या बाजूने लिहिले याचे बरे वाटले, पण आमचे मत कोणी विचारले नाही म्हणून लिहिते. महोत्सवाच्या दिवशी आम्ही पहाटे तीनला उठतो. व्यासपीठावर बसले तर चुलीपाशी कोण उभे राहणार? शिवाय आमचा मसाला आणि आमचे प्रमाण हाच आमचा धंदा आहे. ते ध्वनिमुद्रित करून सगळ्यांपुढे मांडल्यावर शहरातला कोणी पाकिटे छापून विकू लागला, तर आम्ही कोणाकडे जायचे? मागे एका संस्थेची माणसे आमच्याकडून पाककृती लिहून घेऊन गेली. त्यांची पुस्तिका निघाली, तिच्यात गटाचे नावसुद्धा नव्हते आणि एक प्रतही आम्हांला मिळाली नाही. मानधन द्या, पण आधी लेखी द्या की काय छापणार, कोणाच्या नावाने छापणार आणि काय छापणार नाही. इतिहास सांगायला आमची ना नाही; तो महोत्सवाच्या दिवशी नको, आमच्या सवडीने, आमच्या गावात येऊन विचारा.

इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक, मिरज

या ताईंची अट मला पूर्ण पटते आणि ती संशोधनाच्या शिस्तीलाही धरून आहे. कोण बोलले, कोणत्या गावी, कोणत्या तारखेला, बोलणाऱ्याचे वय काय, हे नोंदवलेले असेल तर मी त्या मुलाखतीला साधन मानायला तयार आहे, मग तिची कागदपत्रांशी पडताळणी करता येईल. पेवांविषयीचा धागाकर्तींचा मुद्दाही मी मान्य करतो. एकाच मांडवात चर्चासत्र आणि विक्री नको, या मतावर मात्र मी ठाम आहे.

वाचक, माण तालुका, सातारा

मग आमच्याकडून सुरुवात करा. माझी आई एक्क्याऐंशी वर्षांची आहे. मिलोची भाकरी करून दाखव म्हटले तर ती उठून आत जाईल, म्हणून तसे कोणी म्हणू नये. पण ती भाकरी थापताना कशी चिरत असे, मुलांनी ती गिळावी म्हणून पाण्यात कशी कुस्करून देत असे आणि कामावरून आणलेली सुकडी शेजारच्या कोणत्या घरात दिली तर चालत असे, कोणत्या घरात दिली तर बोलणी बसत, हे ती सांगते. दिवाळीनंतर ज्वारीची पेरणी उरकलेली असते. दोघांनी या, लिहून घेण्याआधी तासभर नुसते बसा, आणि जेवायला आमच्याकडेच थांबा.