शाळूच्या रानातील हिरवे वर्तुळ: जुना खंदक असेल का?

प्रश्न:
बेळगावच्या पूर्वेला असलेल्या आमच्या काळ्या रानाच्या जुन्या उपग्रहचित्रात, शाळूच्या उभ्या पिकात गडद हिरवे, जवळजवळ पूर्ण वर्तुळ दिसते. जमिनीवर मात्र उंचवटा नाही. हा प्राचीन वस्तीभोवतीचा खंदक असू शकेल का?

उत्तर १:
शक्य आहे. बुजलेल्या खंदकातील खोल, भुसभुशीत माती ओल अधिक काळ धरते, म्हणून तिच्यावरचे पीक उंच वाढते आणि उशिरापर्यंत हिरवे राहते. पुरलेल्या भिंतीवर ते खुरटते व लवकर पिवळे पडते. पावसाने ओढ दिली की हा फरक ठळक होतो. २०१८ च्या कोरड्या उन्हाळ्यात आयर्लंडमधील न्यूग्रेंजजवळचे मोठे वर्तुळाकार आवार ड्रोनच्या चित्रांतून असेच उघड झाले.

उत्तर २:
काळ्या रानात घाई करू नये, असे मला कळकळीने वाटते. ही माती सगळीकडेच ओल धरते आणि भेगाळते, त्यामुळे खुणा पुसट होतात. शिवाय जुन्या गोठ्याची किंवा उकिरड्याची जागाही हिरवीगार दिसते, पण ती बहुधा भरीव डागासारखी असते, कड्यासारखी नव्हे. बागायत होण्यापूर्वीच्या निरनिराळ्या वर्षांची चित्रे ताडून पाहा. बेळगावजवळच्याच वडगाव-माधवपूरला सातवाहनकालीन वस्ती सापडलेली असल्याने शक्यता मोलाची आहे. नांगरटीनंतर खापरे दिसल्यास जागा नोंदवून पुरातत्त्व खात्याला कळवावे. स्वतः खणू नये.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. वर्तुळ कड्यासारखेच असून आतला भाग फिकट आहे. विहिरीचे पाणी येण्यापूर्वीची चित्रे शोधतो.