हळदीची कॅप्सूल वर्षानुवर्षं घ्यावी का?

नौपाडाकर:
ठाण्यात तलावपाळीला सकाळी फेऱ्या मारणाऱ्यांत गुडघ्यांसाठी हळदीची कॅप्सूल घेणारे बरेच. बाबाही दोन वर्षं घेताहेत. काल डबी वाचली: ५०० मिग्रॅ अर्क, ९५ टक्के कर्क्युमिनॉइड्स (कर्क्युमिन आणि हळदीतले तसलेच पिवळे घटक), शिवाय मिरीतलं पिपेरिन ५ मिग्रॅ. दिवसाला दोन, म्हणजे साडेनऊशे मिग्रॅ झालं. खाद्यरंग म्हणून कर्क्युमिनची रोजची मर्यादा किलोमागे ३ मिग्रॅ. बाबांच्या ६५ किलोंना १९५. मी म्हणतो, बंद करावं.

वर्तकनगरचे काका:
अहो, हळदीला घाबरायचं? आमची आजी रोज दुधातून घ्यायची, नव्वदी गाठली तिनं. आणि ती मर्यादा रंगाची, तुम्हीच लिहिलंत. मी येऊरचा चढ पुन्हा चढतोय, ते काय उगाच?

नौपाडाकर:
काका, चमचाभर हळदीत कर्क्युमिन जेमतेम शंभर मिग्रॅ, त्यातलंही फारसं अंगी लागत नाही. आजी सुखरूप राहिली ती त्यामुळेच असेल. १९९८ साली बंगळुरूत माणसांवर प्रयोग झाला, पिपेरिनसोबत शोषण २००० टक्क्यांनी वाढलं. आजीनं हे खाल्लंच नव्हतं, मग तिचा दाखला कशाला?

कळव्याचा केमिस्ट:
दोघांनाही थोडं टोचेल. अमेरिकेतल्या यकृत-इजेच्या नोंदणीत २००४ ते २०२२ या काळात हळदीचे १० रुग्ण सापडले, त्यांतल्या ७ जणांत एचएलए-बी*३५:०१ हा जनुकप्रकार होता. म्हणजे बहुतेकांना काहीच होत नाही, एखाद्याचं यकृत मात्र बिघडतं. अशी गोष्ट शे-दीडशे माणसांच्या तीन महिन्यांच्या चाचणीत दिसणार कशी? म्हणून 'मला काही झालं नाही' याला माझ्या लेखी किंमत नाही. पण नौपाडाकर, कॅप्सूल बंद केल्यावर बाबा काय घेणार? रोज पेनकिलर घेतली तर पोट आणि किडनी आहेतच. आधी सांगा, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का?

नौपाडाकर:
आहे की! अँजिओप्लास्टीनंतरची.

केमिस्ट:
मग वाद कसला घालताय? त्या गोळीसोबत हळदीच्या अर्कानं रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. त्यांच्या डॉक्टरांना डबी दाखवा, आजच. काका, तुम्हीही एकदा एलएफटी, म्हणजे यकृताची रक्ततपासणी, करा. लघवी गडद पिवळी झाली, अंगाला खाज सुटली, तर लगेच थांबायचं. आणि डबीवर इंग्रजीत 'औषधी वापरासाठी नाही' छापलेलं असतं, तेही वाचा.

काका:
चष्मा लावून वाचलं. गुडघ्याला कुठे वाचता येतं! सोमवारी रक्त देतो, तोवर एकच घेईन.