विंडोज आणि लिनक्स एकाच संगणकावर: घड्याळ दरवेळी नेमके साडेपाच तासच का चुकते?

शांतलेखणी

नमस्कार. मी एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स अशा दोन कार्यप्रणाली वापरतो. लेखनाचे काम लिनक्सवर होते आणि हिशेबाचे एक सॉफ्टवेअर केवळ विंडोजवर चालते, म्हणून तिकडेही जावे लागते. लिनक्स बसवल्यापासून घड्याळाने मला हैराण केले आहे. लिनक्समधून विंडोजमध्ये गेलो की वेळ साडेपाच तास मागे पडलेली दिसते, आणि ती हाताने दुरुस्त करून पुन्हा लिनक्समध्ये आलो की तिथले घड्याळ साडेपाच तास पुढे गेलेले असते. इंटरनेट जोडले की थोड्या वेळाने ते ठिकाणावर येते. गोंधळाची गोष्ट अशी की हे प्रत्येक वेळी घडत नाही. काही दिवस विंडोजमधली वेळ बरोबर असते.

नुसती वेळ चुकीची दिसली असती तर मी दुर्लक्ष केले असते. परंतु माझ्या फायली दोन्ही प्रणालींना दिसणाऱ्या एका सामाईक एनटीएफएस पार्टिशनवर, म्हणजे विंडोजच्या पद्धतीने मांडलेल्या डिस्कच्या एका भागावर, असतात आणि त्यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवणारे सॉफ्टवेअर 'जी प्रत नंतरची ती खरी' या नियमाने दोन्ही ठिकाणे जुळवते. गेल्या आठवड्यात सकाळी, इंटरनेट बंद असताना, लिनक्समध्ये मी एक लेख लिहून त्याची प्रत घेतली. दुपारी तोच लेख विंडोजमध्ये उघडून त्यात दोन पानांची भर घातली. सकाळच्या प्रतीवर पुढची वेळ नोंदली गेली असल्यामुळे सॉफ्टवेअरने तीच नंतरची मानली आणि दुपारचे लेखन पुसून टाकले. ती दोन पाने मला पुन्हा जशीच्या तशी लिहिता आली नाहीत.

एका परिचितांच्या सांगण्यावरून मदरबोर्डवरची बॅटरीही बदलली, पण फरक पडला नाही. या दोन प्रणालींपैकी चुकते आहे ती कोणती, आणि कायमचा उपाय काय?

जुना_संगणकी

आपल्या लेखनाचे नुकसान झाले याचे वाईट वाटले. बॅटरीचा येथे संबंध नाही. ती संपत आली असती तर वीज काढल्यावर तारीखच कित्येक वर्षे मागे गेली असती किंवा घड्याळ वेडेवाकडे चुकले असते. दरवेळी नेमका साडेपाच तासांचा फरक पडतो, याचा अर्थ कोणीतरी आपल्या प्रमाणवेळेचा फरक एकदा जास्त मिळवतो आहे किंवा मिळवायचा राहून जातो आहे.

मदरबोर्डवर एक छोटे घड्याळ असते, त्याला आरटीसी म्हणतात. संगणक बंद असताना तीन व्होल्टच्या त्या बॅटरीवर तेच चालत राहते. १९८४ च्या आयबीएम पीसी एटीपासून त्याची रचना मूलतः तशीच आहे: सेकंद, मिनिटे, तास, दिवस, महिना, वर्ष. हे आकडे कोणत्या प्रमाणवेळेचे आहेत, हे लिहून ठेवायला त्या जुन्या रचनेत जागाच नाही. त्यामुळे ते कसे वाचायचे, हे प्रत्येक प्रणालीने आपापल्या परंपरेप्रमाणे ठरवले. विंडोजच्या आधीच्या डॉस या कार्यप्रणालीच्या काळात माणूस समोरच्या घड्याळात पाहून संगणकाची वेळ लावत असे, आणि विंडोजने तीच रीत पुढे चालवून आरटीसीमध्ये स्थानिक वेळ ठेवली. लिनक्सने युनिक्सची रीत घेतली, जिथे वेळ म्हणजे १ जानेवारी १९७० पासून यूटीसीप्रमाणे (ही जागतिक प्रमाणवेळ; भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे असते) मोजलेले सेकंद; म्हणून लिनक्स आरटीसीमध्ये यूटीसी ठेवते आणि दाखवताना साडेपाच तास मिळवते.

आता आपली दोन्ही लक्षणे जुळवून पाहा. लिनक्सने आरटीसीत यूटीसी लिहिली. विंडोजने तीच स्थानिक वेळ समजून जशीच्या तशी दाखवली, म्हणून घड्याळ मागे पडले. आपण दुरुस्ती केल्यावर विंडोजने स्थानिक वेळ लिहिली. लिनक्सने ती यूटीसी समजून तिच्यात साडेपाच तास मिळवले, म्हणून घड्याळ पुढे गेले. आणि हे दरवेळी का घडत नाही, याचेही उत्तर आहे: लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्या प्रणालीचा गाभा, साधारण दर अकरा मिनिटांनी आरटीसी सुधारतो, पण इंटरनेटवरून त्याची वेळ जुळलेली असेल तेव्हाच. इंटरनेट बंद असलेल्या दिवशी तो आरटीसीला हात लावत नाही, म्हणून नंतर विंडोजमधली वेळ बरोबर दिसते. दोन्ही प्रणाली आपापल्या जागी बरोबर आहेत. त्यांच्यात करार झालेला नाही, एवढेच.

माझा सल्ला असा की विंडोजलाच यूटीसी मानायला लावावे. विंडोजची मांडणी नोंदवून ठेवणाऱ्या रजिस्ट्रीच्या एडिटरमध्ये एचकी लोकल मशीनखाली सिस्टिम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल या क्रमाने टाइम झोन इन्फर्मेशनपर्यंत जा. तिथे 'रिअल टाइम इज युनिव्हर्सल' या नावाची, शब्दांत मोकळी जागा न ठेवता, डीवर्ड प्रकारची नोंद तयार करून तिची किंमत १ ठेवा आणि संगणक रीस्टार्ट करा. त्यानंतर बायोसच्या (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ मांडणीच्या) पडद्यावर वेळ साडेपाच तास मागे दिसेल. ती तशीच असायला हवी. कृपया तिथे दुरुस्त करू नका. मी स्वतः एकदा ती 'सुधारली' आणि सगळा घोळ पुन्हा सुरू झाला.

रात्रपाळी

वरील स्पष्टीकरण अचूक आहे, परंतु उपायाबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. रजिस्ट्रीत बदल करण्याची सवय नसलेल्या माणसाने त्या वाटेला जाण्यापेक्षा लिनक्सलाच स्थानिक वेळ मानायला सांगणे सोपे आहे. टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएल या आज्ञेपुढे सेट-लोकल-आरटीसी आणि १ एवढे लिहिले की काम होते, आणि १ च्या जागी ० लिहिले की पूर्ववत होते. विंडोज नव्याने बसवावे लागले तरी ही मांडणी टिकून राहते, कारण बदल लिनक्सच्या बाजूला असतो. कार्यालयातल्या संगणकावर रजिस्ट्री बदलण्याची परवानगी नसते, तिथे तर हाच मार्ग उरतो.

जुना_संगणकी

आपला मुद्दा मान्य आहे, पण ती मांडणी केल्यावर तीच टाइमडेटसीटीएल आज्ञा नुसती देऊन पाहावी. आरटीसी स्थानिक वेळेत ठेवण्याला पूर्ण आधार देता येत नाही, असा इशारा ती स्वतःच दाखवते. जिथे उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे आणि नंतर मागे केले जाते, तिथे तो बदल आपण करायचा की दुसऱ्या प्रणालीने आधीच केला आहे, हे कोणत्याच प्रणालीला निश्चित कळत नाही. जिथे ही प्रथा नाही तिथे आपला उपाय निर्वेध चालेल. मात्र दोन्ही उपाय एकाच वेळी करू नयेत. तसे केले तर दोघे जागा बदलतात आणि चूक उलट दिशेने सुरू होते.

कळफलक_७

एक गोष्ट राहिली आहे, आणि सामाईक पार्टिशनमुळे ती येथे फार महत्त्वाची आहे. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. ती चालू असताना 'शट डाउन' केले तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही. कर्नलची अवस्था डिस्कवर साठवून ते झोपी जाते आणि एनटीएफएस पार्टिशन अर्धवट उघडे राहते. अशा वेळी लिनक्स ते पार्टिशन एकतर केवळ वाचण्यापुरते उघडते किंवा उघडायलाच नकार देते. त्या स्थितीत बळजबरीने लिहिले तर फायली खराब होऊ शकतात. कंट्रोल पॅनेलमधील पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ही सोय बंद करावी. 'रीस्टार्ट' केल्यावर मात्र विंडोज पूर्ण बंद होऊन नव्याने सुरू होते, म्हणून वर सांगितलेला बदल केल्यावर शट डाउन नव्हे, रीस्टार्टच करावे.

शांतलेखणी

सर्वांचे मनापासून आभार. रजिस्ट्रीतील नोंद केली, फास्ट स्टार्टअप बंद केले आणि चार दिवस मुद्दाम दोन्हीकडे ये-जा करून, इंटरनेट जोडून आणि न जोडताही, पाहिले. वेळ एकदाही चुकली नाही. बायोसमधले घड्याळ मागे दिसल्यावर हात शिवशिवला होता, पण आवरला.

एकच शंका आहे. मधल्या काळात काही फायलींवर चुकीची, पुढची वेळ नोंदली गेली असेल. त्या आपोआप सुधारतील का?

जुना_संगणकी

नाही, फायलींवरची नोंद तशीच राहते. ज्या फायलींवरची वेळ त्या दिवसाच्या कामाशी जुळत नाही, त्या एकेक उघडून, मजकूर ताजा असल्याची खात्री करून पुन्हा जतन करा. तोपर्यंत प्रती जुळवणारे सॉफ्टवेअर बंद ठेवा आणि ते पुन्हा चालू करण्यापूर्वी सगळ्या फोल्डरची एक प्रत वेगळ्या डिस्कवर हाताने करून ठेवा. शक्य असल्यास त्या सॉफ्टवेअरमध्ये, पुसली जाणारी जुनी प्रत बाजूला जपून ठेवण्याची सोय आहे का तेही पाहा. असली तर आपली दोन पाने अजून त्या बाहेरच्या डिस्कवरच्या एखाद्या लपलेल्या फोल्डरमध्ये असण्याची शक्यता आहे.