ऑटो हेडलाइट एकदा लावून विसरायचे का? (ताम्हिणीतल्या भांडणाचा निकाल हवाय)

मुळाकाठ

मंडळी, घरात वाद पेटलाय, तुम्हीच काय ते सांगा. मागच्या आठवड्यात दोन गाड्या घेऊन ताम्हिणीतून कोकणात उतरत होतो, पुढे भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर आणि मागे मी. दुपारची वेळ, अंधार अजिबात नाही, पण धुकं असं की सगळीकडे नुसतं पांढरं आणि भाऊजींची गाडी पण पांढरीच. त्यांनी ब्रेक मारला की लाल लाइट दिसायचे आणि पाय काढला की गाडी गायब. शेवटी मुलाला फोन लावायला सांगितला, जाऊबाईंनी उचलला, म्हटलं लाइट लावा मागून काहीच दिसत नाहीये, तर पलीकडून भाऊजींचा आवाज, "वहिनी, लाइट ऑटोवर आहेत, चालू आहेत."

विळ्याला चहाला थांबलो तेव्हा मुद्दाम त्यांना इंजिन चालू ठेवायला लावून गाडीभोवती फिरवलं. पुढे त्या पांढऱ्या एलईडी पट्ट्या झगमगतायत, मागे काळोख. तरी म्हणणं हेच की कंपनीने सेन्सर दिलाय तो उगाच नाही दिलेला, गरज असती तर त्याने लावले असते, आणि मीटर पण लागलेला दिसतोय की. नवरोबा तटस्थ (नेहमीप्रमाणे).

माझी गाडी पण ऑटोवरच असते, त्या दिवशी घाटात मी हाताने लावले होते एवढंच. तर ऑटोवर भरवसा ठेवायचा की नाही? आणि ठेवायचा नसेल तर मग ते दिलंय कशाला?

तारकाम

ताई, भाऊजी चुकतायत पण गाडी बरोबर वागली, हे आधी समजून घ्या. गाडीत बिघाड नाहीये.

मी ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो. तो सेन्सर म्हणजे समोरच्या काचेखाली डॅशबोर्डवर मधोमध एक छोटा काळा टेंगूळ असतो, काही गाड्यांत आरशामागे रेन सेन्सरच्या जोडीला असतो. त्याला एकच गोष्ट कळते, आपल्यावर उजेड किती पडतोय. पुढचं किती लांबचं दिसतंय हे त्याला कळत नाही आणि तुमची गाडी मागच्याला दिसतेय की नाही हे तर त्याच्या गावीच नाही. दुपारच्या धुक्यात उजेड भरपूर असतो, फक्त तो पसरलेला असतो. युरोपच्या नियमात आकडे आहेत, १००० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) खाली उजेड गेला की दोन सेकंदांच्या आत हेडलाइट लागलेच पाहिजेत, ७००० च्या वर गेला की बंद झाले पाहिजेत, मधल्या पट्ट्यात काय करायचं ते कंपनीने ठरवायचं. आता कडक उन्हात लाखभर लक्स असतात, भरून आलेल्या दुपारी सुद्धा काही हजार सहज मिळतात. म्हणजे ताम्हिणीत पन्नास फुटांवरचं दिसत नसलं तरी सेन्सरच्या हिशोबाने दिवस आहे, झोपा.

दुसरी गंमत त्या एलईडी पट्ट्यांची. ते डीआरएल, म्हणजे दिवसा लागणारे दिवे. बहुतेक गाड्यांत ते फक्त पुढे लागतात, टेललाइटचा त्यांच्याशी काही संबंध नाही. आणि तिसरी मीटरची. जुन्या गाडीत लाइट लावल्याशिवाय मीटर उजळायचा नाही, त्यामुळे अंधारून आलं की काटाच दिसेनासा व्हायचा आणि हात आपोआप स्टिअरिंगजवळच्या लाइटच्या दांड्याकडे जायचा. आता स्टार्ट केल्यापासून स्क्रीन झगमगते. पुढे उजेड, आत उजेड, माणसाला वाटतं आपण लाइट लावलेत. भाऊजींना तेच वाटलं.

मीटरवर हिरव्या रंगाचं हेडलाइटचं चिन्ह असतं ते बघायला सांगा. ते नसेल तर मागे अंधार आहे असं समजायचं.

भाताणचा बोगदा

तारकाम यांचं सगळं बरोबर आहे पण आता लोक लगेच ऑटो म्हणजे फालतू म्हणायला लागतील म्हणून आधीच लिहितो. आमचे बाबा ७४ वर्षांचे, अजून स्वतः गाडी चालवतात आणि सात वाजता देवळातून परत येताना लाइट लावायचे हमखास विसरायचे, कारण सोसायटीपर्यंत रस्त्यावर दिवेच दिवे, त्यांना स्वतःला सगळं दिसतंय तर लावायचं सुचणार कसं. ऑटोवाली गाडी आल्यापासून तो विषय संपला. एक्सप्रेसवेला भाताण, माडप, कामशेत असे बोगदे एकामागून एक येतात, पूर्वी अर्धी जनता गॉगल घालून लाइट न लावता आत शिरायची, आता निदान नव्या गाड्यांचे तरी लागतात. समृद्धीवर इगतपुरीचा बोगदा तर जवळजवळ आठ किलोमीटरचा आहे, तिथे बिनलाइटचं कोणी असेल तर काय होईल विचार करा.

संध्याकाळ, रात्र, बोगदा, अंडरपास, इथे ऑटो माणसापेक्षा चांगलं काम करतं, कारण ते विसरत नाही. धुकं आणि दिवसाचा पाऊस इथे त्याला कळत नाही, तिथे आपण दांडा फिरवायचा. भांडण कशावरून आहे तेच मला कळलं नाही.

उगाचच

भांडण यावरून आहे की ज्याला दांडा फिरवायची सवय राहिलेली नाही तो नेमका घाटात कसा फिरवेल? मुळाकाठ ताईंच्या दिरांना फोन करून सांगितलं तरी फिरवला नाही त्यांनी. ऑटोची खरी अडचण ही आहे, सेन्सरची नाही. वर्षातले बाकी सगळे दिवस बरोबर चालल्यामुळे त्याच्यावर विश्वास बसतो आणि जुलैत घात होतो.

मी तर म्हणतो ऑटो वगैरे सोडा, लो बीम (जवळचा झोत, म्हणजे डिपर) कायमचा चालू ठेवा, दिवसा पण. स्वीडनमध्ये १९७७ पासून दिवसा लाइट लावणं सक्तीचं आहे. आपल्याकडे १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना लाइट बंद करायचं बटणच नसतं, तेव्हा सुरुवातीला सगळे एकमेकांना हात करून "लाइट चालू आहे" सांगत होते आठवतंय का, आता कोणी ढुंकूनही बघत नाही. मग कारला काय धाड भरलीये?

भाताणचा बोगदा

@उगाचच, कायम चालू ठेवायला माझी हरकत नाही, पण हाताने लावलेले लाइट काही गाड्यांत लॉक केल्यावर आपोआप बंद होतात आणि काही गाड्यांत नुसती पीप पीप होते, ती ऐकू न येणारी माणसं आमच्या घरात आहेत. सकाळी बॅटरी बसलेली. त्यापेक्षा पावसाळ्यापुरतं हाताने आणि बाकी ऑटो हे बरं.

पंचगंगा घाट

दिवसाचं झालं सगळ्यांचं, रात्रीचं कोण बोलणार? आमच्याकडं गळीत हंगाम सुरू झाला की रस्त्यावर ऊसाचे ट्रॅक्टर, मागं दोन दोन ट्रॉल्या, टेललाइट नाही, रिफ्लेक्टर असला तर त्यावर वाडं (ऊसाचे शेंडे) लोंबतंय. आणि आता नव्या गाड्यांत ऑटो हाय बीम आलाय, कॅमेरा समोरचा लाइट बघून स्वतःच अप्पर डिपर करतो. ऐकायला लई भारी. पण कॅमेरा शोधतो तो लाइट, ट्रॉलीला तर लाइटच नाही. समोरून एक बाईक आली की हा लगेच डिपरवर येतो, ते बरोबरच आहे, पण नेमकी त्याच वेळी डाव्या बाजूला ट्रॉली उभी असली तर? डिपरमध्ये नीट दिसतं ते पन्नास साठ मीटर. ८० च्या स्पीडला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. माणसाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतच पंचवीस तीस मीटर संपलेले असतात, मग गाडी थांबणार कुठं, ट्रॉलीखाली. म्हणजे त्या रस्त्याला रात्री ८० हा स्पीडच नाही, लाइट ऑटो असू दे नाहीतर सोन्याचा असू दे.

अजून एक, हायवेला डिव्हायडरवर कण्हेर वाढलेली असली की पलीकडच्या गाडीचे लाइट कॅमेऱ्याला दिसत नाहीत आणि हा अप्परच ठेवतो. ट्रकवाला उंच बसतो, त्याच्या डोळ्यांवर सगळा झोत. तो बिचारा शिव्या घालत डिपर मारत असतो, आतल्याला पत्ता नाही. चालत जाणारा आणि बिनलाइटचा सायकलवाला तर हिशोबातच नाहीत. मी ते ऑटो हाय बीम सेटिंगमधून बंद करून टाकलंय. ऑटो हेडलाइट चालू आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

बाबल्या ऑफ टोरांटो

इकडे हेच रामायण बर्फात. भर दुपारी सगळं पांढरं, सेन्सरला वाटतं काय लख्ख उजेड पडलाय, आणि हायवे ४०१ वर मागून अंधारात असलेल्या गाड्या पळतायत. शेवटी कॅनडा सरकारने नियम केला, सप्टेंबर २०२१ पासूनच्या नव्या गाड्यांमध्ये तीनपैकी एक गोष्ट पाहिजे. एकतर डीआरएल लागले की टेललाइट पण लागले पाहिजेत, नाहीतर अंधार पडल्यावर पुढचे मागचे सगळे आपोआप लागले पाहिजेत, नाहीतर लाइट लावेपर्यंत मीटर काळाच राहिला पाहिजे. म्हणजे तारकाम यांनी सांगितलेली मीटरची भानगड सरकारी पातळीवर मान्य झालेली आहे.

पण गोम बघा, दुसऱ्या पर्यायात पुन्हा तोच उजेडाचा सेन्सर. तो घेतला की धुक्यात आणि बर्फात आपण परत जिथे होतो तिथेच. पहिला पर्याय सगळ्यात सरळ, डीआरएलसोबत टेललाइट, विचारच करायला नको. भारतात हा एवढा एक नियम केला तरी ताईंच्या घरातलं भांडण मिटेल.

आणि ब्रिटनमध्ये दिसण्याचं अंतर साधारण १०० मीटरच्या खाली गेलं की हेडलाइट लावणं बंधनकारक आहे, ते ड्रायव्हरवर आहे, गाडीवर नाही.

मुळाकाठ

आपल्याकडे असा काही नियम आहे का? की फक्त सूर्यास्तानंतर? भाऊजींना कायदा दाखवला की ऐकतात, बायकांचं नाही ऐकत.

उगाचच

आहे की. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम १०५. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने लाइट लावायचे, *आणि* पुरेसा उजेड नसेल तेव्हा कोणत्याही वेळी. समोर १५५ मीटरपर्यंत माणसं आणि वाहनं स्पष्ट दिसली पाहिजेत असं लिहिलंय, मागच्या लाल दिव्याचंही त्याच नियमात आहे. सेन्सरने लावले नाहीत म्हणून सुटका असं कुठेही नाही. प्रिंट काढून द्या भाऊजींना, फ्रेम करून दिली तर अजून उत्तम.

चार इंडिकेटर

सगळे लाइटवर बोलताय पण पावसात चारही इंडिकेटर लावून चालवणाऱ्यांचं काय करायचं?? खंडाळ्यात दर पावसाळ्यात अख्खी लेन ब्लिंक करत चाललेली असते. अरे बाबांनो हॅझार्ड लावल्यावर तुम्ही वळणार की सरळ जाणार हे मागच्याला कळत नाही, आणि खरंच एखादी गाडी बंद पडून उभी असेल तर ती या ब्लिंक करणाऱ्यांत ओळखायची कशी. हेडलाइट लावा, टेललाइट आपोआप लागतात, काम झालं. हे लोक हेडलाइट ऑटोवर ठेवून हॅझार्ड मात्र आठवणीने हाताने लावतात, याचं मला कोडं आहे.

तारकाम

@चार इंडिकेटर +१. आणि धुक्यात अप्पर मारणारे पण त्यात घ्या. अप्पर मारला की झोत धुक्यावर आपटून परत डोळ्यांत येतो आणि होतं ते पण दिसेनासं होतं. डिपर आणि फॉग लॅम्प, बास. मागचा फॉग लॅम्प असेल तर दाट धुक्यात जरूर लावा, पण धुकं संपलं की आठवणीने बंद करा, मागच्याचे डोळे जातात आणि त्याच्यापुढे ब्रेकलाइट लागलेला कळत नाही. तो बहुतेक गाड्यांत ऑटोने लागत नाही, हातानेच.

अजून एक, काही गाड्यांत वायपर सतत चालू राहिला की हेडलाइट लागतात अशी सोय असते. सगळ्यांत नसते, गाडीच्या मॅन्युअलमध्ये लाइटचं प्रकरण वाचा. आणि असली तरी ती पावसापुरती, धुक्यात वायपर कोण लावतंय.

मुळाकाठ

थँक्यू सगळ्यांना. पार्किंगमध्ये संध्याकाळी दोन्ही गाड्यांच्या सेन्सरवर जाड कापड टाकून बघितलं. भाऊजींच्या गाडीचे लगेच लागले, कापड काढल्यावर बऱ्याच वेळाने गेले, म्हणजे सेन्सर धडधाकट आहे. धागा त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवलाय, निळी टिक आलीये, उत्तर नाही. जाऊबाईंनी मात्र अंगठा दिलाय.

पण माझ्या गाडीत उलटा प्रकार निघाला. लाइट आधीपासूनच चालू होते, बाहेर चांगलं ऊन असताना. आता लक्षात येतंय की समोरून येणारे बाईकवाले दिवसा मला हात का करायचे. हे काय असेल? सर्व्हिस सेंटरला दाखवू का?

तारकाम

तो टेंगूळ झाकलाय का बघा आधी. डॅशबोर्डवर मधोमध काय ठेवलंय?

मुळाकाठ

गणपती. आणि खाली ती मखमली मॅट, गाडी घेतली तेव्हा ॲक्सेसरीजवाल्याने फुकट दिलेली.

तारकाम

मग झालं. मॅटने सेन्सर झाकलाय आणि वर बाप्पा बसलेत, त्याला चोवीस तास रात्रच. सर्व्हिस सेंटरला नका जाऊ, ते स्कॅनर लावून बिल करतील. मॅटला तेवढ्या जागी गोल भोक पाडा किंवा मॅट काढूनच टाका, बाप्पांना थोडं डावीकडे सरकवा, पण समोरच्या एअरबॅगच्या झाकणावर नको. आरशामागे सेन्सर किंवा कॅमेरा असलेल्यांनी फास्टॅग त्याच्यावर चिकटवलाय का तेही बघून घ्या. काच बदलली असेल आणि त्यानंतर ऑटो वेड्यासारखं वागत असेल, तर सेन्सरखालची जेलची चकती नीट बसलेली नसते, ते काचवाल्याकडूनच परत बसवून घ्यायचं.

उगाचच

म्हणजे आख्ख्या धाग्यात दिवसा लाइट लावून चालवणाऱ्या एकट्या ताईच निघाल्या, त्याही बाप्पांच्या कृपेने. माझं ऐका, मॅटला भोक पाडूच नका.